कुर्ला ते बिडदी : घरच्या गाडीच्या निवडीचा इतिहास

समाजाचा इतिहास लिहिताना आपले लक्ष साहजिकच राजवटी, चळवळी, संस्था आणि थोर पुरुष यांच्याकडे जाते. घरापुढे उभ्या असलेल्या मोटारीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. वस्तुतः मुलुख सोडून दूर स्थायिक झालेल्या कुटुंबाच्या जीवनात गाडीचे स्थान मोठे असते. तिच्यातून मुले पहिल्यांदा आजोळी जातात, तिच्यातूनच सून घरी येते, आणि वडीलधाऱ्या माणसांना अखेरच्या आजारात इस्पितळात नेण्याचे कामही तीच करते. अशी गाडी थकली आणि तिच्या जागी दुसरी आणण्याची वेळ आली, म्हणजे घरात जी चर्चा सुरू होते, तिच्यात त्या काळची अर्थनीती, उद्योगनीती आणि कुटुंबाची रचना यांचे प्रतिबिंब पडलेले दिसते.

मारतहळ्ळी व तिच्या आसपासच्या वसाहतींत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत अलीकडे हीच चर्चा वारंवार ऐकू येते. कुणाकडे औरंगाबादेत तयार झालेली स्कोडा आहे, कुणाकडे चाकणची फोक्सवॅगन, कुणाकडे रांजणगावची फियाट. गाडी पंधरा वर्षांची झाली, नोंदणीची मुदत संपत आली, सुटे भाग मिळेनासे झाले. आता तिच्या जागी काय घ्यावे? प्रश्न आजचा वाटला तरी तो आपल्या मंडळाहूनही जुना आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्याचा मागोवा घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

एक विमान, एक मोटार

या इतिहासाचा पहिला अंक आपल्या अगदी शेजारी घडला, ही गोष्ट मारतहळ्ळीत राहणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात नसते. ज्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या भिंतीलगतच्या रस्त्याने आपण शहराकडे जातो, त्या कारखान्याचा आणि पुढे घरोघरी पोहोचलेल्या फियाट गाडीचा जनक एकच होता. तो म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म १८८२ सालचा. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेच्या कंत्राटांचा धंदा सुरू केला. पुढे जहाजे, साखर, बांधकाम अशी त्यांची झेप विस्तारत गेली. १९३९ साली मोटारींच्या कारखान्यासाठी सहकार्य मिळवावे म्हणून ते अमेरिकेस गेले. फोर्डशी त्यांचे जमले नाही. पुढे क्रायस्लरशी करार झाला. त्याच दौऱ्यातील परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि मोटारीच्या जोडीला विमानाचा विचार त्यांच्या डोक्यात शिरला.

म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी या विचाराला उचलून धरले. संस्थानाने पंचवीस लाख रुपयांचे भांडवल घातले, सातशे एकर जमीन दिली, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. १९४१ साली येथे जुळविलेले पहिले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान आकाशात उडाले. युद्ध भारताच्या दारापर्यंत आल्यावर, १९४२ साली, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि त्यांचा या कारखान्याशी संबंध संपला.

मोटारीच्या कारखान्याची कथा निराळी झाली. ती कल्पना वालचंदांच्याही आधी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली होती. १९३५ साली युरोप-अमेरिकेचा दौरा करून त्यांनी मोटारींच्या कारखान्याची योजना तयार केली. मुंबईतील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाची तिला सहानुभूती होती. ते मंत्रिमंडळ १९३९ साली गेल्यावर म्हैसूर संस्थानाने साह्याची तयारी दाखविली. परंतु मोटारींचा कारखाना युद्धप्रयत्नांना आवश्यक नाही, असे हिंदुस्थान सरकारने ठरविले आणि बेत मागे पडला. तसे झाले नसते, तर आपल्या घरच्या पहिल्या गाडीवर कुर्ल्याऐवजी बंगळूरचा शिक्का असता.

अखेर १९४४ साली वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला आणि १९४७ साली तेथून डॉज, प्लिमथ, डेसोटो या अमेरिकन गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. त्या मोठ्या, देखण्या आणि पेट्रोल पिणाऱ्या होत्या. मध्यमवर्गीय कुटुंबाला त्यांचा काही उपयोग नव्हता.

फियाट घरी येते

१९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ज्या परदेशी कंपन्या नुसत्या जुळणीवर समाधानी होत्या, त्यांना देशात राहणे कठीण झाले. १९२८ पासून मुंबईत शिवडीला जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. मोटार उत्पादनात जे राहिले, त्यांतली तीनच नावे सामान्य ग्राहकाच्या कामाची होती: उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. तिघींच्याही लहान गाड्यांचे माहेर युरोपात होते. हिंदुस्थानची अँबॅसडर ही मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, स्टँडर्डची हेराल्ड ही ट्रायम्फची, आणि प्रीमियरची गाडी इटलीतल्या तुरिन शहरातल्या फियाटची. म्हणजे त्या पिढीतल्या भारतीय कुटुंबाने कोणतीही नवी घरगुती गाडी घेतली, तरी ती वंशाने युरोपीयच असे.

१९५४ साली प्रीमियरने फियाट ११०० ही गाडी आणली. इटालियन भाषेत अकराशेला ‘मिलेचेंतो’ म्हणतात, त्यावरून तिला येथे मिलिसेंटो म्हणत. १९६४ साली ११०० डिलाइट आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७३ साली तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ साली प्रीमियर पद्मिनी. नावे बदलली, गाडी तीच राहिली. आपले मंडळ ज्या सुमारास स्थापन झाले, त्याच सुमारास पद्मिनी हे नाव रस्त्यावर आले, हा एक सुखद योगायोग होय. लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली.

या गाडीत असे काय होते? इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या बाजूला. त्यामुळे पुढच्या सलग आसनावर ड्रायव्हरखेरीज आणखी दोघे बसत. मागे तिघे, त्यांच्या मांडीवर मुले. डिकीत ट्रंका, टपावरच्या कॅरिअरवर होल्डॉल. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा अँबॅसडरपेक्षा हलकी असलेली फियाट घरखर्चाला मानवली. इंजिन असे साधे, की गल्लीतला मिस्त्री ते उघडून पुन्हा बसवी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती हजारोंच्या संख्येने स्वीकारली होती. त्यामुळे तिचा क्लच, कार्ब्युरेटर, मागचे पाटे, सारे काही कोणत्याही मोठ्या गावात मिळे. टॅक्सी आणि घरची गाडी यांचा हा संबंध पुढेही आपल्याला भेटणार आहे. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

बंगळूरच्या मराठी माणसाला फियाटचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटे. गावाकडे जाणारी रेल्वे मिरजेपर्यंत मीटरगेजची होती. मिरजेस उतरून, सामान व मुले सांभाळीत, पुण्या-मुंबईकडे जाणारी ब्रॉडगेज गाडी पकडावी लागे. ज्यांच्या घरी गाडी होती ते राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चारने निघत. पहाटे तुमकूर मागे टाकायचे, चित्रदुर्गाच्या किल्ल्याखाली शिदोरी सोडायची, हरिहरला तुंगभद्रा ओलांडायची, हुबळी-धारवाडात मुक्काम करायचा, बेळगावात कुंदा घ्यायचा. निपाणी मागे पडून कागल आले, की दुकानांच्या पाट्या मुलांना वाचता येऊ लागत. जवळजवळ साडेआठशे किलोमीटरचा पुण्यापर्यंतचा तो प्रवास म्हणजे मुलांचा भूगोलाचा आणि मातृभाषेचाही पाठ होता.

निवड नसलेला काळ

गाडी जुनी झाली म्हणजे काय करीत? आजच्या तरुणांना याचे उत्तर विचित्र वाटेल. बहुधा तीच गाडी पुन्हा नवी करीत. इंजिन रिबोअर करायचे, पिस्टन बदलायचे, गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, रंग द्यायचा, आसनांना नवे रेक्झिन चढवायचे. कारण नवी गाडी घेणे हा खरेदीचा व्यवहार नसून प्रतीक्षेचा व्यवहार होता.

१९५९ साली केंद्र सरकारने मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. कोणाला गाडी द्यायची याला क्रम होता, काही गाड्या सरकारी कोट्यासाठी राखून ठेवल्या जात, आणि नवी गाडी ठरावीक मुदतीच्या आत विकण्यास बंदी होती. किंमतही सरकार ठरवी. तिच्यावरून कंपन्या आणि सरकार यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६७ साली गाड्यांच्या दर्जाबद्दलच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. फियाटसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. परिणामी, बंदीची मुदत संपलेल्या जुन्या गाडीला बाजारात नव्या गाडीच्या नियंत्रित किमतीहून अधिक पैसे मिळत. वस्तू वापरल्यावर तिचे मोल वाढावे, हा अर्थशास्त्रातला चमत्कार त्या काळी घरोघरी अनुभवास येत होता.

एक आडवाट होती. परदेशी वकिलातींतील अधिकारी मायदेशी परतताना ज्या गाड्या मागे ठेवीत, त्यांची विक्री स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत होई. त्यांत युरोपातल्या ऐसपैस स्टेशन वॅगनही असत. परंतु त्यांच्या काचेला तडा गेला की काच कोठून आणायची, हा प्रश्न उभा राही. त्या गाड्या श्रीमंतांच्या हौसेच्या ठरल्या.

या टंचाईबद्दल एकांगी निवाडा करणे योग्य होणार नाही, असे सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या माणसास वाटते. परकीय चलन तोकडे होते; ते धान्य, यंत्रे व संरक्षण यांकडे वळविणे भाग होते. सरकारी नोकरास मोटारीसाठी अग्रिम रक्कम मिळे आणि ती पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जाई. ती सोय आता राहिलेली नाही, पण कित्येक मध्यमवर्गीय घरांत पहिली गाडी तिच्यामुळेच आली. तथापि एवढे खरे, की ग्राहक रांगेत उभा आहे हे ठाऊक असलेल्या कारखान्याला सुधारणेची निकड भासत नाही. १९६४ ची गाडी किरकोळ फेरबदलांनिशी २००० सालापर्यंत विकली गेली, याचे मूळ येथे आहे.

मारुत आणि मारुती

मारतहळ्ळी या नावाचा संबंध काही जण ‘मराठा’ शब्दाशी लावतात, तर काही जण ‘मारुत’ या विमानाशी. लोककथांना इतिहास मानू नये हे खरे, पण मारुत विमानाची उड्डाणे या परिसराने पाहिली, हा इतिहासच आहे. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी बंगळूरला प्रथम उडाले. ते उडविणारे चाचणी वैमानिक सुरंजन दास यांचा १९७० साली येथेच विमान अपघातात मृत्यू झाला. आपण रोज वापरतो तो सुरंजनदास रस्ता त्यांच्या नावाचा. या जातीची १४७ विमाने तयार झाली.

मारुत म्हणजे वारा, आणि मारुती हा वाऱ्याचा पुत्र. वालचंदांनी सुरू केलेल्या विमानाच्या कारखान्यातून मारुत निघाला, आणि वालचंदांच्या मोटार कारखान्याचे राज्य संपविले ते मारुतीने. इतिहास कधीकधी असा श्लेष साधतो.

मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ च्या फेब्रुवारीत स्थापन झाली, १९८२ च्या ऑक्टोबरात जपानच्या सुझुकीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी ग्राहकाच्या हाती दिली. किंमत होती सुमारे ४७,५०० रुपये. लाखाहून अधिक लोकांनी दहा हजार रुपये भरून नावे नोंदविली होती. वर्षभरात तिची भावंड असलेली मारुती व्हॅनही आली.

येथून पुढे ‘जुन्या फियाटच्या जागी काय?’ या प्रश्नाला प्रथमच खरे उत्तर मिळू लागले आणि घराघरांत दोन पक्ष पडले. वडिलांचे म्हणणे असे, की मारुतीचा पत्रा पातळ, चाके लहान, इंजिन तीनच सिलिंडरांचे. अशा खेळण्यातून महामार्गावर सहा माणसे कशी न्यायची? मुलांचे म्हणणे असे, की ती सकाळी पहिल्या फटक्यात सुरू होते, घाटात तापत नाही आणि पेट्रोल निम्मे पिते. आईचे मत बहुधा निर्णायक ठरे. गाडी मध्येच बंद पडून ढकलावी लागणार नाही, एवढ्या एका आश्वासनावर ते मारुतीच्या बाजूने पडे. ज्यांचे कुटुंब मोठे होते त्यांनी व्हॅन घेतली. पुढच्या आसनाखाली इंजिन, बाजूला सरकते दार, आणि आठ माणसांची सोय. तिला शोभा नव्हती, परंतु आजी-आजोबांसह सारे घर एका गाडीत मावे.

जुन्या कारखान्यांनीही उत्तरे देऊन पाहिली. प्रीमियरने १९८५ साली ११८ एनई आणली. तिचे शरीर फियाट १२४ चे, इंजिन निस्सानचे. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली काँटेसा आणली. ती मूळची इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, आणि आत सुरुवातीस अँबॅसडरचेच इंजिन. स्टँडर्डने १९८५ साली स्टँडर्ड २००० आणली. बाहेरून रोव्हर, आत जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातले इंजिन. तिन्ही गाड्या युरोपात जुन्या झाल्यावर येथे नव्या म्हणून आल्या. पोशाख युरोपीय आणि अंग उसने, अशी ती अवस्था होती. स्टँडर्डचा कारखाना त्यातच आटोपला.

नाव मोठे आणि गॅरेज दूर

१९९३ साली प्रवासी मोटारींवरचा परवान्याचा निर्बंध उठला. युरोपीय नावे आता खऱ्या अर्थाने परतली. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी सहकार्य करून ३०९ ही गाडी कल्याणला तयार केली. आरामाच्या बाबतीत तिच्या तोडीची गाडी त्या किमतीत नव्हती, असे ती वापरणारे सांगत. परंतु काही वर्षांतच भागीदारी मोडली आणि ज्यांनी तिच्यात पैसे घातले होते, ते सुट्या भागांसाठी वणवण करीत राहिले. १९९६ साली कुर्ल्याहून फियाट उनो आली. तिच्यावरही लोकांच्या उड्या पडल्या, पण मागणी पुरी करण्याची ताकद त्या कारखान्यात उरली नव्हती. २००० साली पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहावा तसे लिहिले.

येथे खास स्टेशन वॅगनचा, म्हणजे डिकीवरही छत असलेल्या लांब घरगुती गाडीचा, उल्लेख केला पाहिजे. युरोपात हे मध्यमवर्गीय कुटुंबाचे आवडते वाहन. आपल्याकडे पुण्याच्या टाटांनी १९९२ साली ‘एस्टेट’ आणून आरंभ केला. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकएंड, ओपेलची कोर्सा स्विंग, टाटांचीच २००४ ची इंडिगो मरिना, स्कोडाची ऑक्टाव्हिया काँबी, असे अनेक प्रयत्न झाले. एकही टिकला नाही. सामानाची प्रशस्त जागा युरोपीय कुटुंबाला हवी असते. आपल्याला सामानाच्या जागीही माणसे बसवायची असतात. शिवाय २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क घटविण्यात आले. तेव्हापासून कारखान्यांनी गाड्यांच्या शेपट्या कापण्याचा सपाटा लावला, आणि लांब वॅगनला वाव उरला नाही. कररचना वाहनाला आकार देते, हे सरकारी नोकरीतल्या माणसाला कौतुकाने नमूद करावेसे वाटते.

बेळगावचे सायकल दुकान आणि बिडदी

मग फियाटची रिकामी जागा बंगळूरच्या मराठी घरांत कोणी भरून काढली? याचे उत्तर पुन्हा एका आपल्या घराण्यापाशी येऊन थांबते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, लोखंडी नांगर तयार केले, आणि तेथली जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. या घराण्याने कर्नाटकाशी नाते कधी तोडले नाही. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रसामग्रीचा कारखाना निघाला आणि १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक. पुढे चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने जपानच्या टोयोटाशी हातमिळवणी होऊन १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना म्हैसूर रस्त्यावर बिडदीला उभा राहिला. विश्वेश्वरय्यांनी बंगळूरसाठी पाहिलेले मोटार कारखान्याचे स्वप्न, साठ वर्षांनी का होईना, अशा रीतीने साकार झाले.

२००० च्या जानेवारीत बिडदीहून क्वालिस बाहेर पडली. दिसायला पेटीसारखी, मूळची इंडोनेशियात चालणारी. वर्तमानपत्री जाणकारांनी नाके मुरडली. पण तिच्यात आसनांच्या तीन ओळी होत्या, डिझेल त्या काळी पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, आणि ती बिघडत नसे. बंगळूरच्या संगणक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांची ने-आण करण्यासाठी क्वालिस टॅक्सी म्हणून जुंपल्या. येथे वाचकांनी मुंबईच्या पद्मिनीचे स्मरण करावे. टॅक्सीवाल्याने जी गाडी निवडली, तिचे भाग आणि तिचे मिस्त्री सर्वत्र निर्माण होतात, आणि मग ती घरच्या माणसालाही परवडते. क्वालिसच्या जागी २००५ साली इनोव्हा आली, तेव्हाही हेच घडले. त्याच सुमारास महामार्ग चौपदरी झाला, मिरजेपर्यंतच्या रुळांचे रुंदीकरण तर आधीच पार पडले होते, आणि तरीही मे महिन्यात कोल्हापूरच्या वाटेवर कर्नाटकाच्या क्रमांकाच्या इनोव्हांची रांग दिसू लागली. टपावरचे होल्डॉल गेले. बाकी सारे तेच.

आज निवडताना

आजच्या कुटुंबापुढे पर्यायांची टंचाई नाही. प्रश्न पडतो तो विपुलतेचा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचीही त्यात भर पडली आहे. याच शहरात, २००१ साली, रेवा ही चिमुकली विजेची गाडी आली होती. महिंद्रांच्या मोठ्या विजेच्या गाड्या आता चाकणला तयार होतात. इंधनात वीस टक्के इथेनॉल मिसळू लागल्यापासून जुन्या पेट्रोल गाड्यांच्या रबरी नळ्यांची चिंता मालकांना लागली आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करता येते. म्हणजे गाडी धडधाकट असेल, तर केवळ वयापायी तिला निरोप देण्याचे कारण येथे तरी नाही. फियाटच्या काळातील माणसे गाडी दुरुस्त करून वापरीत, त्यामागे केवळ नाइलाज नव्हता, काटकसरीचा एक संस्कारही होता. तो टाकून देण्याजोगा नाही.

गाडी बदलायचीच असेल, तर मागील सत्तर वर्षांचा इतिहास तीन गोष्टी विचारावयास सांगतो. पहिली, हिचे भाग दहा वर्षांनी कोठे मिळतील? प्यूजो घेणाऱ्यांनी हे विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी उत्तर देणारा कोणी नव्हता. दुसरी, ही गाडी टॅक्सीवाले घेतात काय? प्रतिष्ठेच्या दृष्टीने हा प्रश्न कित्येकांना रुचत नाही, परंतु पद्मिनीपासून इनोव्हापर्यंत तोच खरा ठरला आहे. तिसरी गोष्ट घराची आहे: हिच्यात कोण कोण बसणार?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलत चालले आहे, आणि लेखकास त्याचेच वाईट वाटते. आता कुटुंब चौघांचे. पुण्याला विमान दीड तासात पोहोचविते. जुन्या गाडीच्या जागी येणारी नवी गाडी बहुधा लहान असते, आणि ती महामार्गावर क्वचितच जाते. सोयीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण विमानातून तुंगभद्रा दिसत नाही, आणि ज्या मुलांनी कागलच्या पाट्या वाचल्या नाहीत, त्यांना मराठी शिकविण्यासाठी आपल्या मंडळाला रविवारचे वर्ग चालवावे लागतात. तेव्हा नवी गाडी घेताना आसने मोजायची ती आपल्या संख्येने मोजू नयेत. जे गावाहून येणार आहेत आणि ज्यांना आपण गावी नेणार आहोत, त्यांच्या संख्येने मोजावीत.

शेवटी एक विनंती. गाडी विकताना तिची कागदपत्रे नव्या मालकाला देणे भाग असते. तत्पूर्वी नोंदणी पुस्तकाची, खरेदीच्या पावतीची आणि गाडीसमोर उभे राहून काढलेल्या जुन्या छायाचित्राची एकेक प्रत मंडळाच्या दप्तरात द्यावी. विमानाच्या कारखान्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी दाखल झालेले, फियाटच्या रांगेत नाव नोंदविलेले, चौथ्या क्रमांकाच्या जुन्या एकपदरी रस्त्याने मुलाबाळांना गावी नेलेले सभासद आता मोजकेच उरले आहेत. त्यांच्याकडून त्या प्रवासांच्या हकिकती टिपून घेण्याचे काम तरुणांनी या सुवर्णमहोत्सवी वर्षातच हाती घ्यावे. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आज इमारती उभ्या आहेत. जो इतिहास तेथे उरला नाही, तो आपल्या घरांतल्या कपाटांत अजून शाबूत आहे.